दुधी-भोपळ्याच्या केकचा मधोमध गिचका होतो तेव्हा

तक्रार बहुतेक सगळ्यांची एकच असते. दुधी, गाजर किंवा लाल भोपळा किसून केकच्या पिठात घातला, ओव्हनमध्ये तो टम्म फुगला, वरून छान तपकिरी रंग आला, सुरी घालून बघितली तर जवळजवळ कोरडी निघाली. बाहेर काढून गार होईतो मध्ये खळगा पडला. कापला तर तळाशी बोटभर जाडीचा ओला, चिकट थर. पोरं वरचं वरचं खातात आणि खालचा थर ताटलीत तसाच राहतो. पुढच्या वेळी माणूस जास्त वेळ भाजतो, तर कडा वाळून टणक होतात आणि मध्य होता तसाच राहतो. मग बेकिंग पावडर वाढवली जाते, त्याने तो आणखी फुगतो आणि आणखी बसतो.

"वैनी, वरनं चांगला दिसतोय, पण मधी कच्चाच राहतोय, काय करू?" हे मला इतक्या घरांतून ऐकायला मिळतं की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. बहुतेक वेळा ओव्हनचा यात फारसा दोष नसतो. पीठ कालवतानाच गडबड झालेली असते, कारण भाजीतलं पाणी कोणी हिशेबातच धरलेलं नसतं.

आकडे बघा. दुधीत वजनाच्या सुमारे 95 टक्के पाणी असतं, लाल भोपळ्यात 90 च्या वर, गाजर आणि बिटात 87-88. रताळं त्यातल्या त्यात कोरडं, तरी पाऊण हिस्सा पाणीच. म्हणजे 200 ग्रॅम दुधीचा कीस पिठात घातला की जवळपास 190 मिली पाणी आत गेलं. कृतीत दूध, दही, अंडी आधीच लिहिलेली असतात आणि ती आपण इमानेइतबारे मोजून घालतो. हे पाऊण कप पाणी मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

पीठ कालवताना ते दिसतही नाही, कारण ते किसाच्या आत असतं. साखर-गूळ लागला की ते बाहेर पडायला लागतं आणि ओव्हनच्या उष्णतेने भाजी मऊ झाली की उरलेलंही सुटतं. तेवढ्यात बेकिंग पावडरचा वायू पिठाला वर ढकलत असतो. पिठातला स्टार्च शिजून घट्ट झाला तर ते बुडबुडे जागच्या जागी टिकतात. पाणी फार असेल तर पीठ पातळ राहतं, मध्यभागाला तापायला उशीर होतो, बुडबुडे फुटून वायू निघून जातो आणि फुगलेला भाग स्वतःच्या वजनाने खाली बसतो. तळाचा चिकट थर म्हणजे हेच बसलेलं पीठ. म्हणून जास्त बेकिंग पावडर घालून हा दोष जात नाही, उलट वाढतो.

आपल्या घरच्या जुन्या पदार्थांत ही गोष्ट पक्की ठाऊक होती. भोपळ्याचे घारगे करताना कोण पाणी घालतं? भोपळ्याचा कीस गुळात शिजवायचा आणि तो मागेल तेवढी कणीक त्यात घालायची. घाटाखाली कोकणात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस करतात, तेही खाली-वर निखारे ठेवून भाजलेला भाजीचा केकच की! त्यात रवा तवशाच्याच रसात भिजतो, वेगळं पाणी किंवा दूध लागत नाही. दोन्हीकडे भाजी हाच द्रवपदार्थ धरलेला आहे. आपण मात्र साध्या केकची कृती घेतो, त्यातलं दूध तसंच ठेवतो आणि वर भाजी घालतो. ओलेपणा तिथूनच येतो.

आधी पाणी काढा, मग मोजा

दुधी सोलून, बिया आणि आतला मऊ गर काढून बारीक किसणीने किसा. जाड कीस केकमध्ये धाग्यांसारखा दिसतो आणि पोरं तो बरोबर वेचून बाजूला ठेवतात. किसावर पाव चमचा मीठ भुरभुरा, हलवा आणि दहा मिनिटं चाळणीत ठेवा. मग स्वच्छ सुती पंचात घेऊन पुरचुंडी बांधा आणि पिळा. पहिल्या पिळात पाण्याची धार लागते. ती थांबली की झालं असं समजू नका. पुरचुंडी सोडा, कीस बोटांनी मोकळा करा, पुन्हा बांधा आणि उलट्या दिशेने पिळा. दुसऱ्या वेळीही बरंच पाणी येतं, फिकट हिरवं, किंचित फेसाळ. पिळलेला कीस तळहातावर घेऊन मूठ मिटली तर गोळा व्हायला हवा आणि बोटांच्या फटीतून थेंब यायला नको. 200 ग्रॅमचा कीस आता साधारण 120 ग्रॅमवर आलेला असेल. हा वजनातला फरक काट्यावर बघाच. एकदा बघितला की केक कशाने बसत होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

ते पाणी ओतून देऊ नका. भाजीतलं विरघळणारं सत्त्व त्यात उतरलेलं असतं आणि मीठही आहेच, चपातीची कणीक त्यात मळा.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ही केकपेक्षा महत्त्वाची. दुधी किसण्याआधी त्याचा छोटा तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर तो अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतलं विष शिजवून जात नाही आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाबापासून जिवावर बेतण्यापर्यंत प्रकार झालेले आहेत. भाजीत कडूपणा लगेच कळतो. केकमध्ये गूळ, वेलची, कोको यांच्याखाली तो दबतो आणि खाणारी लहान मुलं असतात. चाखल्याशिवाय दुधी केकमध्ये घालायचाच नाही, हा नियम कोणत्याही घाईत मोडू नका. काकडीलाही तो लागू आहे.

गाजर इतकं सुटत नाही, ते नुसतं एकदा पिळलं तरी चालतं. बीट तसंच, फक्त पंचा जुना घ्या. लाल भोपळ्याचं वेगळं आहे. तो बहुतेक जण कुकरमध्ये शिजवून गर करून घालतात आणि शिजवताना भांड्यात पाणी ओततात. तिथेच बिघडतं. फोडी कोरड्या भांड्यात ठेवा, पाणी फक्त कुकरच्या तळाला. शिजल्यावर चाळणीत निथळू द्या, घोटा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत राहा. डाव तळाशी ओढला की मागे वाट पडायला हवी आणि ती लगेच बुजायला नको. इतका आटला की मगच तो केकजोगा. गार झाल्यावर वजन करा.

प्रमाण

बिनअंड्याच्या केकसाठी मी हे धरते, सात इंचाच्या गोल भांड्यापुरतं:

200 ग्रॅम पीठ (निम्मी कणीक, निम्मा मैदा), 130 ग्रॅम किसलेला गूळ, 150 ग्रॅम घट्ट दही, 80 मिली तेल, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, वेलची-जायफळ, आणि पिळलेला दुधी किंवा गाजर 120 ग्रॅम. पिळताना मीठ लावलं असेल तर वेगळं मीठ नको. दूध यात नाही. लागलंच तर शेवटी, एकेक चमचा.

कालवण्याचा क्रमही बदला. आधी गूळ आणि कीस एकत्र करून पंधरा मिनिटं झाकून ठेवा. गूळ किसातलं उरलेलं पाणी ओढून घेतो आणि त्यातच विरघळतो. झाकण काढलं की तळाशी पाक साचलेला दिसतो. लपलेलं पाणी आता समोर आलं. त्यात दही आणि तेल घाला, मग चाळलेलं कोरडं साहित्य घालून दिसेनासं होईतोच हलवा. पीठ पळीतून सलग धारेने पडलं तर पातळ आहे, चमचा-दोन चमचे कणीक वाढवा. ते थबकत, गोळ्या-गोळ्याने पडायला हवं. साध्या केकपेक्षा हे पीठ घट्ट दिसतं आणि नेमक्या याच क्षणी हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. आवरा तो. ओव्हनमध्ये भाजी आणखी सुटणार आहे.

गुळाबद्दल थोडं. पुष्कळ जण गूळ अर्धा कप गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवून घालतात, म्हणजे आणखी अर्धा कप पाणी. तसं करण्याचं काही कारण नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण बारा महिने त्याचा स्वभाव एक नसतो. गुऱ्हाळं चालू असताना आलेली नवी ढेप कोरडी आणि खुटखुटीत असते. तीच आषाढ-श्रावणापर्यंत डब्यात राहिली की हवेतला ओलावा पिऊन पाझरायला लागते. तेव्हा तुमच्या 130 ग्रॅम गुळातही पाणी असतं. पावसाळ्यात दही दोन चमचे कमी घ्या. काकवी वापरायची तर दही आणखी कमी करावं लागेल. तिच्या केकला सुंदर रंग येतो, पण पहिल्यांदाच करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दह्याचंही बघा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिणाऱ्या आपल्या कोल्हापुरात घरचं दही घट्टच लागतं, ते तसंच घ्या. पिशवीतल्या पातळ दुधाचं असेल तर अर्धा तास पंचात टांगा.

सगळी कणीक वापरायची असेल तर कालवून दहा मिनिटं थांबा. कोंडा पाणी हळूहळू पितो आणि थांबलं नाही तर पिठाचा अंदाज चुकतो. बेकिंग पावडर मात्र त्या विश्रांतीनंतर, अगदी शेवटी घाला. खपली गव्हाची कणीक चवीला फार छान, पण तिची पकड कमी, म्हणून ओल्या भाजीचं वजन तिला झेपत नाही. खपली निम्म्यापेक्षा जास्त नको.

तरीही मध्य ओला राहत असेल

आता ओव्हनकडे. ओटीजीचा, म्हणजे छोट्या घरगुती विजेच्या ओव्हनचा, दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं रिकामा तापू द्या आणि मग भांडं मधल्या जाळीवर ठेवा. वर लवकर लाल होत असेल तर 165-170 वर आणून वेळ वाढवा. भाजीच्या केकला हे जास्त मानवतं. आतल्या तापमानाचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या, कारण ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत फरक असतो.

संध्याकाळीच बिघडतो आणि दुपारी चांगला होतो, असं असेल तर व्होल्टेज तपासा. ओव्हनच्या सळीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 च्या जागी 200 मिळाले तर उष्णता सुमारे पाव हिस्सा कमी होते. दार उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला मग फार वेळ लागतो. अशा घरी केक दुपारी करावा आणि पहिली तीस मिनिटं दाराला हात लावू नये.

उंचीची शंका काही जण काढतात, इंटरनेटवर डोंगरावरच्या गावांसाठी वेगळी प्रमाणं दिलेली असतात म्हणून. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे. एवढ्याने कृती बदलावी लागत नाही.

भांडं खोल असेल तर मध्यभाग शेवटपर्यंत मागे राहतो. पीठ निम्म्याच्या वर भरू नका. आणि अगदीच वैताग आला असेल तर हेच पीठ कपकेकच्या साच्यात घाला. लहान आकारात उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते आणि वीस-बावीस मिनिटांत काम होतं. शाळेच्या डब्यालाही तेच सोयीचं.

सुरीवर एकट्या विसंबू नका. ती एका ठिकाणी कोरडी निघते आणि शेजारी कच्चं असतं, शिवाय भोपळ्याचा गर शिजला तरी सुरीला लागतोच. वरून मधोमध बोटाने हलकं दाबा. खड्डा लगेच वर आला तर झाला. सळईचा थर्मामीटर असेल तर मध्ये 95 ते 97 अंश दिसायला हवेत.

ओव्हन नसलेल्या घरांत केक कढईत किंवा कुकरमध्ये मिठावर होतो, आणि चांगला होतो. पण भाजीच्या केकला तिथे आणखी एक अडचण येते. निघालेली वाफ झाकणाला लागून थेंब-थेंब परत केकवर पडते, त्याने वरचा थर चिकट राहतो. झाकण जाड पंचाने घट्ट गुंडाळा, टोकं वर बांधा म्हणजे ज्योतीजवळ लोंबणार नाहीत. कुकर घेतलाच तर शिट्टी आणि रबर काढलेली हवीत. रोजच्या वापरातला चांगला कुकर कोरडा तापवून खराब करण्यापेक्षा जुनं जाड बुडाचं पातेलं बरं. आच पहिली पाच मिनिटं मध्यम, मग मंद.

रंग, वास आणि चव

बिटाचं पीठ गुलाबी आणि केक विटकरी-तपकिरी, हे फार जणांना खटकतं. बिटाचा रंग आंबटपणात टिकतो, सोड्यात आणि लांबलेल्या आचेत उडतो. सोडा कमी करा, दही ठेवा, एक चमचा लिंबाचा रस घाला, लहान साच्यांत भाजा. तरी कच्च्या पिठाचा गुलाबी रंग शंभर टक्के राहणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. बिटाच्या केकनंतर दुसऱ्या दिवशी मुलाची लघवी लालसर दिसू शकते. रात्री डॉक्टरकडे धावण्याआधी काय खाल्लं होतं ते आठवा.

पालकाचं उलटं आहे. दह्यात आणि आचेत त्याचा हिरवा रंग खाकी होतो. सोडा वाढवला तर हिरवा टिकतो, पण साबणासारखी चव येते. पालक कोकोच्याच केकमध्ये घालावा असं माझं स्पष्ट मत आहे. उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढा, घट्ट पिळा, पाणी न घालता वाटा आणि 200 ग्रॅम पिठाला 60-70 ग्रॅमच्या वर जाऊ नका. गाजराच्या किसाला हिरवट झाक आली तर सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही. कोबी, फ्लॉवर केकमध्ये घालू नका, त्यांचा वास काही केल्या झाकत नाही.

नानकटाईत भाजी घालायचे प्रयोग चाललेले बघते. किसलेली ओली भाजी तिथे चालणारच नाही. तुपाचं खुसखुशीतपण पाण्याने जातं आणि दडस बिस्किट हाती येतं. वाळवून कुटलेली बिटाची किंवा शेवग्याच्या पाल्याची पूड घाला, 200 ग्रॅम पिठाला एक-दोन चहाचे चमचे.

आणि ज्यासाठी हे सगळं, त्याचा हिशेबही खरा ठेवा. 200 ग्रॅम दुधीचा केक दहा तुकड्यांत कापला तर एका तुकड्यात वीस ग्रॅम कच्ची भाजी, म्हणजे पिळल्यावर जेमतेम बारा ग्रॅम, सोबत तेरा ग्रॅम गूळ. भाजी न खाणाऱ्या पोराला चवीची ओळख व्हावी म्हणून हे उत्तम आहे. ताटातल्या भाजीची जागा हा केक घेऊ शकत नाही. दुसऱ्यांच्या मुलांना देणार असाल तर आत काय आहे ते त्यांच्या आईला आधी सांगा. कुणाला अंडं चालत नसेल, कुणाला दाणे.

दुसऱ्या दिवशी ओला झाला तर

कापताना चांगला होता आणि सकाळी डबा उघडला तर खाली चिकट, असं असेल तर तो गरम असताना झाकला गेलाय. भांड्यातून दहा मिनिटांनी काढा, जाळीवर ठेवा आणि आतून पूर्ण गार होऊ द्या, दोन तास तरी. भांड्यातच ठेवला तर वाफ तळाशी जिरते. डब्यात तळाला कागदी रुमाल घाला.

भाजीच्या केकमध्ये ओलावा मुळातच जास्त, त्यामुळे तो साध्या केकइतका टिकत नाही. उन्हाळ्यात एक दिवस बाहेर ठीक आहे. जून ते सप्टेंबर इथल्या दमट हवेत त्याच संध्याकाळी फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. एका तुकड्यावर बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढं खरवडून बाकीचं खाऊ नका, अख्खा टाका. जास्त झाला असेल तर तुकडे करून एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी गुंडाळलेलाच डब्यात टाकला तर मधल्या सुट्टीपर्यंत नरम होतो.